उजव्या बाजूचं बुश

एल होबो, कांपेचुएला
११ फेब्रुवारी १९९८

आदरणीय रेमिखिओ काका,

पाठवणाऱ्याचं नाव वाचून तुम्ही पाकीट चुलीत टाकलं नसेल, असं धरून पुढे लिहिते. मी ओदालिस, तुमच्या सिल्विनोदादाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी आठ वर्षांची होते, आता तीस पूर्ण होतील. तुमच्यात आणि बाबांच्यात काय झालं ते मला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं विचारायला हे पत्र नाही.

बाबा जाऊन पाच वर्षं झाली. मधाच्या पेट्या मी सांभाळते, बावीस आहेत. मेअखेर खारफुटीला फुलोरा येतो, तेव्हा पेट्या किनाऱ्यावर न्याव्या लागतात. गेली पाच वर्षं मी त्या बैलगाडीतून नेते. रस्ता तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी धक्क्यांनी पोळी तुटली आणि दोन राण्या चिरडून मेल्या. माश्या किती चिडल्या ते माझ्या कानांना विचारा.

बाबांची जावा मोटरसायकल शेडमध्ये उभी आहे, साइडकारसकट. पेट्रोल मिळेना म्हणून ब्याण्णव साली उभी केली ती उभीच. आता सहकारी संस्था मला पेट्रोल द्यायला तयार आहे. इंजिन तर तिसऱ्या किकला बोललं! पण मागचं चाक धरून वर-खाली होणारा चिमटा दगडासारखा घट्ट झालाय. चाकावर उभं राहून उड्या मारल्या तरी हलत नाही. मान्सानियोहून एक मिस्त्री आणला. त्याने एक बोल्ट तोडला, दोन कप कॉफी प्यायला आणि म्हणाला, "बाई, ही भंगारात द्या."

तो चिमटा शेवटचा तुम्ही उघडला होता. म्हणून लिहिते. कसा काढू?

आईला हे पत्र माहीत नाही.

तुमची,
ओदालिस

हिग्वानी
२२ फेब्रुवारी

चि. ओदालिस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट चुलीत टाकलं नाही. माझ्याकडे चूल पेटवायलाही कागद कमीच असतो.

त्या मिस्त्र्याला पुन्हा दारात उभं करू नकोस. चिमट्याची पिन आडवी आरपार जाते, डावीकडून उजवीकडे. काढायची ती उजवीकडे. पण उजवीकडे तिच्या तोंडावरच साइडकारचा खालचा जोड बसलाय. म्हणजे आधी साइडकार सोडवायला हवी. त्या जोडाचा नट नळीच्या आत, चेनच्या डब्यामागे आहे. तिथे बोट जातं, पाना जात नाही. सतरा नंबरचा एक पाना बळी दे. अर्ध्यात काप, लोहाराकडून लाल करून मान वाकवून घे. एका वेळी नट जेमतेम बोटभर फिरेल. पाना काढायचा, उलटा करायचा, पुन्हा लावायचा. तासभर लागेल. शिव्या द्यायच्या तर नटाला दे, पान्याला नको, बिचारा आधीच कापलाय.

पेट्रोलची टाकी आधी उतरव. त्यानंतरच त्या भागात आग न्यायची. पिनीला दोन्ही टोकांनी रॉकेल आणि तेल निम्मंनिम्म सोडत राहा. दहा दिवस. रोज. "दोन दिवसांत भागेल" असं मनात आलं तर पेट्यांकडे जाऊन बस.

पिन निघाली की साफ कर, ग्रीस लाव, परत घाल. पिन ज्यांत फिरते त्या आतल्या बुशांना, कांस्याच्या कड्यांना, हात लावू नकोस. ती चांगली आहेत.

लुमीवहिनींचं मनगट थंडीत दुखतं का?

रेमिखिओ

एल होबो
१० मार्च

आदरणीय काका,

साइडकार सुटली! बार्तोलो लोहाराने पाना वाकवला. म्हणाला, "माझ्या आयुष्यात कुणी चांगला पाना मोडायला आणला नव्हता." नटाला एकशे दहा वेळा पाना लावला. मी मोजलं, कारण मोजलं नसतं तर रडले असते. शेडच्या जमिनीवर गाल टेकून, एक हात चेनच्या डब्यामागे, दुसऱ्या हातात आरसा. आई दारात येऊन म्हणाली, "देवाची प्रार्थना चाललीय की काय?"

तेव्हा तिला सांगावंच लागलं की तुमचं पत्र आलंय. तिने वाचायला मागितलं नाही. "त्याचं अक्षर अजून तसंच आहे का, मुंग्या चालल्यासारखं?" एवढंच विचारलं, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. मनगटाचं मी विचारलं नाही. ते थंडीत दुखतं, मला माहीत आहे. तुम्हाला कसं माहीत?

आता वाईट बातमी. दहा दिवस रॉकेल-तेल दिलं. माझ्या हातांच्या वासाने माश्या मला ओळखेनाशा झाल्यात. मग पिनीवर हातोडा मारला. हलली नाही. जोरात मारला. अजून जोरात मारला. पिनीचं टोक थोडं फुललंय, खिळ्याच्या डोक्यासारखं. तुम्ही रागावणार ते ठाऊक आहे, म्हणून शेवटी लिहिलं.

ओदालिस

हिग्वानी
१४ मार्च

चि. ओदालिस,

रागावलो. झालं.

फुललेलं टोक कानशीने घासून मूळच्या मापाला आण. एक केसभरही जास्त राहिलं तर ते बुश फाडत जाईल. हातोडा भिंतीला टांग.

अडकलेल्या वस्तूला ढकलायचं नसतं, ओढायचं असतं. ढकललं की ती जाड होते, ओढलं की बारीक होते. चाळीस वर्षं साखर कारखान्यात मी हेच केलं. नशिबाने ही पिन आतून पोकळ आहे. आट्यांची लांब सळई मिळव, पिनीतून आरपार घाल. डाव्या टोकाला पिनीपेक्षा किंचित लहान वॉशर आणि नट. उजव्या टोकाला पिन आत मावेल एवढी जाड नळी, ती सांगाड्याला टेकवायची. तिच्यावर पोलादी पट्टी, पट्टीवर नट. आता हा उजवा नट आवळ. सळई ताणली जाईल, पिन नळीत शिरू पाहील. ताण देऊन सोडून दे. सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा. मध्ये भोवतीचा सांगाडा ब्लोलॅम्पने गरम कर, पिनीला ज्योत लागू देऊ नकोस.

एखाद्या सकाळी "टक्" असा आवाज येईल. काही मोडलं असं वाटेल. मोडलेलं नसेल.

बुशांचं पुन्हा सांगतो, त्यांना हात लावू नकोस.

माझ्या गुडघ्यामुळे मी हल्ली फार कुठे जात नाही. डॉमिनो खेळायला कोपऱ्यापर्यंत, बस.

रेमिखिओ

एल होबो
२७ मार्च

काका!

टक्!

सातव्या दिवशी. मी कॉफी गाळत होते आणि शेडमधून आवाज आला, एकटाच, कुणी जवळ नसताना. धावत गेले तर पिन करंगळीच्या नखाएवढी बाहेर. मग नट फिरवत गेले आणि ती येत गेली, हळूहळू, कुरकुरत. आई स्टूल घेऊन शेजारी बसली होती. पूर्ण निघाली तेव्हा तिने झग्याला हात पुसले आणि म्हणाली, "तुझा काका यंत्राच्या बाबतीत कधी चुकत नाही." म्हणताना तिचं तोंड वेगळंच दिसलं. कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

पिन डावीकडे स्वच्छ आहे, ग्रीस अजून मऊ. पण उजवीकडे निळी-काळी, ओरखड्यांनी भरलेली. उजवं बुश पार खाल्लंय. पिन आत घातली तर खुळखुळ्यासारखी वाजते. ते बदलल्याशिवाय भागणार नाही.

तुम्ही दोनदा लिहिलंत, बुशांना हात लावू नकोस. मी ते वाचून जरा दुखावले, खरं सांगते. बाईमाणसाला एवढं आतलं काम जमणार नाही असं वाटतं ना? एकशे दहा वेळा पाना लावलाय मी. मी पेटीत हात घालून राणी शोधते तेव्हा भोवती तीस हजार माश्या असतात. बुश एकच आहे, आणि ते डंख मारत नाही.

कसं काढायचं ते सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर छिन्नीने काढीन.

ओदालिस

हिग्वानी
९ एप्रिल

चि. ओदालिस,

छिन्नीने काढशील तर चिमट्याची नळी चिरेल आणि मग खरोखर भंगार होईल.

बाईमाणूस वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. तुझ्यासारखे दोन हात कारखान्यात असते तर मी लवकर निवृत्त झालो असतो. तुला उत्तर लिहायला आठ दिवस लागले, त्याला कारण वेगळं आहे.

ऐक. बुश नळीत घट्ट बसलेलं आहे आणि त्याच्या मागे पकडायला कडा नाही. मागून ठोकता येत नाही, पुढून ओढता येत नाही. मग एकच उपाय. करवतीचं पातं सुट्टं घे, एका टोकाला फडकं गुंडाळ, बुशच्या आत घाल आणि आतून बाहेरच्या दिशेने त्याला लांबीभर चीर दे. हळू. बुश कांस्याचं, नळी पोलादाची. कांस्य कापताना आवाज जाड येतो, थोडा घोगरा. पातं पोलादाला लागलं की आवाज बारीक होतो, दात आंबल्यासारखा. तो आवाज आला त्या क्षणी थांबायचं. डोळ्यांनी काही दिसणार नाही. कानांनी काम कर. जवळ कुणाला बोलू देऊ नकोस.

चीर पूर्ण झाली की बुश स्वतःहून सैल पडेल, चिमटीत येईल.

निघालं की मला लिही.

रेमिखिओ

एल होबो
१८ एप्रिल

आदरणीय काका,

दोन्ही बुशं निघाली. आवाज तुम्ही लिहिलात तसाच बदलला. नळीला ओरखडासुद्धा नाही.

जुनी झाली होती, झिजली होती. तेवढंच.

नवी कुठे करून मिळतील? इकडे लेथ बंद आहे. मापं सोबतच्या कागदावर लिहिली आहेत.

आई बरी आहे. उन्हाळा आतापासूनच फार आहे.

तुमची,
ओदालिस

हिग्वानी
२६ एप्रिल

चि. ओदालिस,

तुझी आधीची पत्रं दोन-दोन पानांची आहेत. पान्याची मान वाकवली तेही तू चार ओळींत लिहिलंस. आणि बुश निघालं, ज्यावर तू माझ्याशी भांडलीस, ते तीन ओळींत. भोकाबद्दल एक शब्द नाही.

तू ते पाहिलंस. पाहिल्याशिवाय राहणार नाहीस. ग्रीस जायचं भोक बुशला असतं, ते नळीवरच्या निपलच्या समोर यायला हवं. उजव्या बुशचं भोक मागच्या बाजूला वळलेलं आहे. सोळा वर्षं दादाने निपलमधून ग्रीस भरलं आणि एक थेंब आत गेला नाही.

ते मी बसवलं. त्या दिवशी कारखान्याचा भोंगा झाला होता, दादा दारात उभा राहून घाई करत होता. बुश ठोकून झालं आणि मग माझं भोकाकडे लक्ष गेलं. काढून पुन्हा बसवायला दोन तास. मी म्हटलं, पुढच्या रविवारी करू. पिन घातली, गाडी दिली. पुढचा रविवार आला तेव्हा कुणाचा तरी वाढदिवस होता. असे आठ रविवार गेले. दादा म्हणत होता, "रेमिखिओ, मागून कुरकुरतंय, बघ जरा." मी म्हणायचो, "माश्यांच्या मागे फिरणाऱ्याने मला यंत्र शिकवू नये." सगळे हसायचे. मीही.

मग वळणावर चिमटा आखडला, गाडी उसाच्या चरात गेली. साइडकारमध्ये तुझी आई होती. मनगट मोडलं, वाकडं जुळलं. दवाखान्याच्या ओसरीवर दादाने मला सगळ्यांसमोर विचारलं आणि मी त्याला म्हणालो, "चालवता येत नसेल तर बैल हाक." मला माहीत होतं, ओदालिस. बोलतानाच माहीत होतं.

त्याच्या दफनाला मी निघालो होतो. मान्सानियोच्या स्टेशनवर उतरलो, बाकावर तीन तास बसलो आणि परतीच्या गाडीने घरी आलो. वहिनींसमोर उभं राहायची छाती झाली नाही.

तू माझी चूक झाकलीस. त्याने मला जास्त लाज वाटली. हे पत्र वहिनींना वाचून दाखव.

बुशं मी एका मित्राच्या लेथवर केली आहेत. भोक पाडलेलं नाही. ते कुठे पाडायचं ते तू ठरव. पोस्टाने पाठवतो.

रेमिखिओ

एल होबो
४ मे

रेमिखिओ,

मी सांगतेय आणि ओदालिस लिहितेय. मला पेन फार वेळ धरवत नाही, का ते तुला ठाऊक आहे.

तू गाढव आहेस. (काका, मी "भोळे" लिहिणार होते. आई म्हणते, गाढवच लिही.)

सिल्विनोला माहीत होतं. चरातून गाडी काढली त्याच संध्याकाळी त्याने उजव्या बाजूला कान लावून चिमटा हलवला आणि म्हणाला, "कोरडं आहे. रेमिखिओने भोक चुकवलंय." मी म्हटलं, मग ने दुसऱ्या कुणाकडे. तर म्हणाला, "त्याने बसवलंय, तोच काढील. येईल तो." मग काय, दर रविवारी कोंबडीचं पीस तेलात बुडवून बाजूच्या फटीतून आत सोडायचा. सोळा वर्षं. गाडी उभी राहिली तेव्हाच ते थांबलं. म्हणून अडकलं, कळलं का?

मी त्याला म्हणायचे, तूच पत्र लिही. तो म्हणायचा, चूक त्याची. मी तुला लिहायला हवं होतं. पण मीही म्हटलं, मनगट माझं मोडलंय, मी का लिहू? असे तीन शहाणे होतो आपण.

मनगटाचा राग माझा त्याच वर्षी गेला होता. राग होता तो तू त्याला पोचवायला आला नाहीस याचा. आता कळतंय की स्टेशनपर्यंत आला होतास. तीन तास बसलास! तेवढ्या वेळात चालत आला असतास तरी पोचला असतास. (पोचला नसतात काका, गुडघा नसता दुखत तरी. पण आईला सांगून उपयोग नाही.)

माझं रडून झालंय. शेजारीण विचारत होती काय झालं, तिला म्हटलं कांदा चिरतेय.

बुशं पोस्टाने पाठवू नकोस. पोस्टात वस्तू हरवतात. खिशात घालून ये. पोरीची एकटीची छाती होईल बसवायची, पण धरायला कुणी हवं.

इलुमिनादा

तार, ९ मे
पोस्टाने नाही. खिशात. शनिवारच्या गाडीने येतो. रेमिखिओ

एल होबो
३० मे

प्रिय काका,

तुम्ही जाऊन आज आठ दिवस झाले आणि आई अजून तुमच्या कपात कुणाला कॉफी देत नाही. "तो पुढच्या महिन्यात येणार आहे," म्हणते. तुम्ही तसं म्हणाला होतात का? म्हणाला नसाल तरी आता यावं लागेल.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं नुसतं हवेबद्दल बोलत होतात. जेवताना हवा, कॉफीला हवा, अंगणात हवा. मला वाटलं, यांच्यासाठी मी उगाच एवढा पाना वाकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या कबरीची वाट दाखवते म्हटलं, तर तुम्ही दोघं माझ्याआधीच जाऊन आला होतात. काय बोललात ते मी विचारलं नाही. पण परत आल्यावर आई तुम्हाला "अरे, ती बादली घे की" असं ओरडली आणि तुम्ही घेतलीत. तेव्हा मला कळलं की झालं.

आता कामाचं. नवी बुशं आपण बसवली, आता भोक निपलसमोर आहे, म्हणून मंगळवारी पहिल्या तीन पेट्या नेणार होते. पहाटे उजाडताच पेट्यांच्या दारांना जाळी लावली, साइडकारमध्ये गवत पसरलं. पहिली पेटी उचलणार तोच आई आली. केस विंचरलेले, डोक्याला रुमाल, हातात चपला. म्हणाली, "पेट्या दुसऱ्या खेपेला ने." आणि आत बसली.

काका, तुम्हाला हे ठाऊक नसेल. त्या चरातल्या दिवसानंतर ती साइडकारमध्ये कधीच बसली नव्हती. बाबांनी किती विनवलं होतं. लग्नाला, दवाखान्यात, बाजारात, सगळीकडे ती बैलगाडीने किंवा पायी जायची. मी किक मारली. बोलले असते तर उतरली असती.

निघालो. तिने दोन्ही हातांनी कड धरली होती, वाकड्या हातानेसुद्धा. मी एवढी हळू चालवत होते की आमच्या पुढे चाललेला कुत्रा मागे वळून बघत होता. त्या वळणावर तर मी जवळजवळ थांबलेच. तिने डोळे मिटले. मागचं चाक खड्ड्यात गेलं, चिमटा वर आला, खाली गेला, आणि काही म्हणजे काही आवाज झाला नाही. वळण संपलं. तिने डोळे उघडले, मागे वळून तो चर पाहिला. मग समोर बघत राहिली. कड सोडली, रुमाल नीट केला.

किनाऱ्याच्या सरळ रस्त्याला लागलो तेव्हा खारफुटीच्या फुलांचा वास यायला लागला होता. तिने कोपराने माझ्या मांडीला ढोसलं आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडली,

"अगं, एवढी हळू काय चालवतेस? दुपारपर्यंत पोचायचंय की नाही?"

तुमची,
ओदालिस